सिम कार्ड आढळले नाही

फोनला सिम दिसेनासं झालं की तो फार कोरडेपणाने तसं कळवतो. 'सिम कार्ड नाही.' संपलं. सरकलंय का, बिघडलंय का, काही खुलासा नाही. जे कार्ड काल रात्रीपर्यंत त्याच्याच पोटात होतं, ज्याच्यावर मी परवाच ८४ दिवसांचा रिचार्ज मारला, ते त्याच्या मते नाहीच. शिवाय खाली बारीक अक्षरात दिलासा : 'फक्त आणीबाणीचे कॉल'. जुलैचा पाऊस, डोंबिवली, मुलीच्या कॉलेजची फी भरायची मुदत उद्या संपणार, बँकेचा ओटीपी याच नंबरवर यायचा. याहून वेगळी आणीबाणी कुठली असते ते फोनने मला सांगावं.

पहिली अडचण अशी की कुणाचा विश्वासच बसेना. घरात वायफाय आहे, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप ठणठणीत चालू. पुण्यात आयटीत असलेल्या मेव्हण्याला मी मेसेज टाकला की माझा फोन बंद पडलाय. त्याचं उत्तर लगेच आलं, "बंद आहे तर मेसेज कसा करताय, भावोजी?" कॉलनीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी विचारलं, फोन उचलत नाही म्हणता आणि सुप्रभातला अंगठा कसा दाखवलात? रेंज गेली तर लोक हळहळतात, फोन पाण्यात पडला तर चहा पाजतात. पण सिम दिसत नाही म्हटलं की तुम्ही कुणाचे तरी पैसे द्यायचे टाळताय असाच सूर लागतो.

दुसरी अडचण, सल्ले. ते मात्र विश्वास नसतानाही मिळतात. रीस्टार्ट झालं. एरोप्लेन मोड लावून काढून झाला. मुलीने माझ्या हातातून फोन घेतला, सेटिंग्जमध्ये कुठंतरी खोल जाऊन सिम चुकून बंद केलेलं नाही ना ते पाहिलं (दोन सिमच्या फोनात एखादं सिम नुसत्या बटणाने बंद होतं, आणि असं बंद करून दिवसभर रडणारे लोक आहेत), नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केली आणि फोन परत दिला. सिम तसंच बेपत्ता. नेटवर्क रीसेट केल्याने घरच्या वायफायचा पासवर्ड मात्र फोन विसरला. म्हणजे आता व्हॉट्सअ‍ॅपही गेलं. निदान लोकांचा विश्वास तरी बसला.

मग ट्रे काढायचं ठरलं. त्यासाठी ती पिन लागते. नव्या फोनच्या खोक्यात कागदाच्या कप्प्यात खोचलेली असते ती. "नीट ठेवा हं, पुन्हा मिळत नाही," असं बायकोने त्या वेळी बजावलं होतं आणि आम्ही ती इतकी नीट ठेवली होती की घरातल्या कुणालाही सापडू नये. शोकेस झाला, शिवणाचा डबा झाला, देवघराच्या खालचा खण झाला. त्या खणात २०१९ सालची वॉरंटी कार्डं मिळाली, उदबत्तीचं घर मिळालं, पिन नाही. स्टेपलरची पिन सरळ करून घातली तर ती वाकली. सेफ्टी पिनेचं टोक भोकात गेलं, पण आतल्या दांडीवरून घसरायला लागलं. शेवटी बायकोने कानातलं काढून दिलं. सिम काढण्यासाठी जगात जेवढी अवजारं आहेत त्यांत कानातल्याची दांडी अव्वल, हे माझं स्पष्ट मत आहे. जाडीला बरोबर, टोकाला बोथट, आणि पकडायला वर मोती.

याच वेळी समोरच्या फ्लॅटमधले काका पेपर न्यायला आले. काका नाही म्हणायला कंपनीत मेंटेनन्सला होते, त्यामुळे हातात अवजार दिसलं की त्यांना राहवत नाही. "द्या इकडे," म्हणून त्यांनी फोन उलटा केला आणि वरच्या कडेला एक बारीक भोक होतं त्यात मोत्याचं कानातलं दाबायला सुरुवात केली.

"काका, तो माइक आहे!"

"मग उघडत का नाहीये?"

माइक बचावला. ट्रेचं भोक डाव्या कडेला होतं. दांडी दाबल्यावर ट्रे टचकन बाहेर आला आणि त्यातलं सिम उडून सोफ्याखाली गेलं. ते शोधायला घरातले सगळे जमिनीवर आले. शेवटी ते मुलीच्या टाचेला चिकटलेलं निघालं.

हातात घेऊन ते नीट पाहायचा योग माझ्या आयुष्यात प्रथमच आला. करंगळीच्या नखाएवढा तो ऐवज. १२.३ मिलिमीटर लांब, ८.८ रुंद, जाडी पाऊण मिलिमीटरलाही कमी. एक कोपरा तिरका कापलेला, उलटं घालू नये म्हणून, आणि तरीही लोक उलटं घालतात. एका बाजूला कंपनीचं नाव आणि ८९९१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा. त्यातले ८९ म्हणजे दूरसंचार आणि ९१ म्हणजे आपला देश. दुसऱ्या बाजूला सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी, तिचे रेघा मारून पाडलेले चौकोन. मुलीने तिच्या कॅमेऱ्यातून मोठं करून दाखवलं तेव्हा प्रत्येक चौकोनावर बारीकसा ओरखडा दिसला. फोनच्या आतले स्प्रिंगचे पत्रे तिथे टेकतात. एका पत्र्यातून वीज, एकातून घड्याळाचे ठोके, एकातून माहितीची देवाणघेवाण. यांतला एक जरी टेकायचा राहिला तरी फोनच्या लेखी कार्ड अस्तित्वातच नाही. अर्धवट टेकलंय, जरा ढकला, असं म्हणायची सोय त्याच्यात कुणी ठेवलेली नाही.

हे कार्ड जन्मलं तेव्हा असं नव्हतं. म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने १९९१ साली फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीसाठी पहिली तीनशे सिम कार्डं बनवली. त्या काळचं पूर्ण मापाचं सिम एटीएम कार्डाएवढं होतं, आणि ते सबंधच्या सबंध फोनात सरकवायचं. ते सोफ्याखाली गेलं असतं तरी एका नजरेत दिसलं असतं. पुढे त्याचं मिनी झालं, २०१० च्या सुमाराला मायक्रो, २०१२ ला नॅनो. गंमत म्हणजे कापाकापी झाली ती बहुतेक प्लॅस्टिकची. मधली चिप आणि तिची सोनेरी पट्टी थोड्याफार फरकाने तीच राहिली. म्हणून तर मधल्या काळात गल्लोगल्ली सिम कापून देणारे बसले होते. स्टेपलरच्या अवतारातलं एक यंत्र, खट्ट, आणि वीस रुपये. कुणाकुणाच्या चिपचाही कोपरा त्यात गेला, पण तो इतिहास वेगळा.

सिम कसं साफ करायचं यावर घरात एकमत नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले रॉकेलचा बोळा फिरव. रॉकेल घरात येऊन किती वर्षं झाली ते त्यांना कुणी सांगितलं नाही. फोनवरून मावशी म्हणाली तांदळात ठेव. मावशीच्या मते मोबाइलचा कुठलाही आजार आंबेमोहरात बरा होतो. मुलीने खोडरबर आणलं आणि हलक्या हाताने पट्टी पुसली. हा उपाय खरा आहे, त्याने वरचा मळ आणि बोटांचा तेलकटपणा जातो. फक्त नंतर रबराची भुकटी फुंकून न टाकता ट्रेमध्ये गेली तर आधीचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येते. आम्ही भुकटी झटकली, सिम बसवलं, ट्रे आत ढकलला. ट्रेच्या कडेला रबराची बारीक चौकट असते, पाणी जाऊ नये म्हणून. तिच्यामुळे ट्रे शेवटच्या केसभर अंतरावर अडतो आणि आपल्याला वाटतं गेला आत. काकांनी तो अंगठ्याने दाबून कच्चकन बसवला. सगळे पडद्याकडे बघत उभे.

'सिम कार्ड नाही.'

मेव्हण्याने आता प्रकरण गंभीरपणे घेतलं. त्याने बायकोच्या फोनवर मला सांगितलं, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, काय दिसतं ते वाचा. दाबलं तर पंधरा-पंधरा आकड्यांचे दोन आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, आले. "छान," तो म्हणाला. "म्हणजे फोनचा मोडेम, नेटवर्कशी बोलणारा भाग, बहुधा जिवंत आहे. आता एकच काम. तुमचं सिम दुसऱ्याच्या फोनात घाला आणि दुसऱ्याचं सिम तुमच्या फोनात. तुमचं सिम तिकडे चाललं तर दोष फोनचा. दुसऱ्याचं तुमच्यात चाललं तर दोष सिमचा. दोन मिनिटांत निकाल."

शास्त्र म्हणून यात खोट काढायला जागा नाही. सिम दिसत नाही या रोगाची सगळी चिकित्सा खरं तर एवढीच आहे. बाकी रीस्टार्ट नि खोडरबर म्हणजे वैद्य येईपर्यंतची धावपळ. पण मेव्हणा हिंजवडीत बसून बोलत होता. दोन मिनिटांसाठी स्वतःच्या फोनचा ट्रे कोण काढून देतो, याचा अनुभव त्याला नव्हता.

मी मुलीकडे पाहिलं. तिने फोन छातीशी धरला. "बाबा, माझी स्ट्रीक जाईल." कसली स्ट्रीक ते मी विचारलं नाही. दोन मिनिटांनी जाते, एवढं कळलं. बायको म्हणाली, "अहो, माझ्यात नको. गॅस आज येतोय, त्याचा कोड माझ्या नंबरवर येणारे." मी म्हटलं, गॅस दुपारी येतो. ती म्हणाली, "आज सकाळी आला म्हणजे?" याला उत्तर नव्हतं, कारण ज्या दिवशी कोड मिळणार नाही त्या दिवशी गॅस सकाळीच येतो, हे मीही मानतो. काका तोवर दाराशी पोहोचले होते. "माझ्या फोनला ते कव्हर आहे ना, निघत नाही," असं म्हणून पेपर घेऊन ते गेले. ज्या माणसाने माझ्या माइकमध्ये दांडी घालायला मागेपुढे पाहिलं नव्हतं, त्याला स्वतःचं कव्हर निघत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा पोरगा गाठला. तो म्हणाला, "अंकल, माझं ई-सिम आहे." म्हणजे सिम फोनातच कायमचं बसवलेलं, त्याच्या फोनात ट्रेच नाही म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण यापुढे हे कारण सगळीकडे ऐकू येणार हे मला तिथेच कळलं. नाही म्हणायला नवी पिढी निदान पुराव्यानिशी म्हणते.

लोक पैसे उसने देतात, गाडीची किल्ली देतात, पोरं आपल्याकडे टाकून लग्नाला जातात. पण चालू फोनाचं चालू सिम काढून दे म्हटल्यावर माणूस तुमच्याकडे जसा बघतो, तो अनुभव प्रत्येकाने एकदा घ्यावा.

तेव्हा कंपनीला फोन लावला. बोलायला बायकोने फोन दिला, बोलण्याला तिची हरकत नव्हती. यंत्रातल्या बाईंनी मराठीसाठी दोन दाबायला लावले आणि मग हिंदीत सांगितलं की ज्या नंबरबद्दल तक्रार आहे त्याच नंबरवरून फोन केल्यास जलद सेवा मिळेल. बऱ्याच आकड्यांच्या पायऱ्या उतरल्यावर एक खरा माणूस लागला. फार नम्र. त्याने माझं नाव, जन्मतारीख, शेवटचा रिचार्ज सगळं विचारलं, असुविधेबद्दल खेद व्यक्त केला, तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक एसएमएसने पाठवला. कुठल्या नंबरवर, हे मी विचारलं. माझ्याच.

स्टेशनजवळ कंपनीचं दुकान आहे, तिथे गेलो. छत्री गळत होती, टोकन घेऊन बसलो. काउंटरवरच्या मुलीने सिम हातातही न घेता सांगितलं, "सर, सिम जुनं झालंय, बदलून घ्या." आधार द्या, इथे फोटो काढा, डोळे मिटू नका, अर्ध्या तासात नवं सिम चालू होईल. मी डोळे ताणून उभा राहणार इतक्यात ती म्हणाली, "फक्त पुढचे चोवीस तास मेसेज यायचे-जायचे नाहीत."

हा नियम खरा आहे आणि कारणही रास्त आहे. भामटे दुसऱ्याच्या नावाने डुप्लिकेट सिम काढत, ओटीपी त्यांच्या हातात पडत आणि खऱ्या मालकाचं खातं रिकामं होई. म्हणून दूरसंचार खात्याने २०२२ पासून सिम बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद ठेवायला लावले. कोण भामटा आणि कोण फी भरणारा बाप, हे सिमला कसं कळणार? नियमाशी माझं भांडण नाही. पण मुदत उद्या दुपारी बारापर्यंत होती आणि घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. गणित तोंडी करण्याइतकं सोपं होतं. मी मिटायचे राहिलेले डोळे घेऊन बाहेर पडलो.

समोरच्या फुटपाथवरच्या मोबाइलवाल्याने फोन हातात धरून नुसता तोलला. "सॉकेट गेलंय. बोर्ड उघडावा लागेल. अठराशे." म्हणजे सिमवाल्यांच्या मते सिम गेलं होतं आणि फोनवाल्याच्या मते फोन. दोघांनीही काही उघडून पाहिलं नव्हतं. आणि निकाल लावायचा तर लागणार होती तीच ती दोन मिनिटं.

ती दिली नानांनी.

नानांचा फोन बटणांचा. बॅटरी चार-चार दिवस चालते हा त्यांचा घरातल्या इतरांना रोजचा टोमणा. आवाज एवढा मोठा की पलीकडचा माणूस आमच्या हॉलमध्ये बसून बोलतोय असं वाटतं. त्यात दोन सिमची जागा आहे आणि एक रिकामी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अडचण मापाची. त्याला जुनं मोठं सिम लागतं. मी म्हटलं, अ‍ॅडॉप्टर लागेल. नाना उठले, कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर रिती केली. माझ्या सिमची मूळ चौकट, ज्यातून ते नॅनो मोडून काढलं होतं, ती तिच्यात होती. शिवाय चार जुनी सिमं, एका बंद पडलेल्या पेजर कंपनीची पावती, आणि ती पिन.

"नाना, ही पिन!"

"तुझ्या फोनच्या खोक्यात होती. चांगली स्टीलची आहे. दात कोरायला ठेवलीय."

चौकटीत नॅनो परत बसवलं, मागून सेलोटेपचा तुकडा लावला. हे न लावता घातलं तर नॅनो आतल्या आत निसटतं आणि चौकटीची कड पत्र्यांत अडकून पत्रेच वाकतात. मग फोन दोन होतात आणि रोगी तीन. नखाने मागचं झाकण काढलं, बॅटरी उचकटली, सिम सरकवलं, बॅटरी घातली, झाकण लावलं. फोन चालू झाला. माझी कंपनी अजून टू-जी चालवते म्हणून, नाहीतर तिथेही हरी हरी. पडद्यावर दुसरा टॉवर उगवला, एक दांडी, दोन, तीन. आणि मग मेसेज येऊ लागले. टुंग. टुंग. टुंग. कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, तक्रार क्रमांक अमुक तमुक.

सिम जिवंत होतं. दोष फोनचा. मेव्हण्याला कळवलं. "मी म्हटलंच होतं," तो म्हणाला. त्याने दोन्ही शक्यता सांगून ठेवल्या होत्या, त्यामुळे काहीही झालं असतं तरी त्याने म्हटलंच असतं.

लॅपटॉप उघडला, फीचं पान आणलं, कार्डाचा नंबर घातला, 'ओटीपी पाठवला आहे'. तीन मिनिटांचं घड्याळ उलटं चालू झालं. खिडकीजवळच्या खुर्चीत नानांच्या हातात टुंग झालं. त्यांनी चष्मा बदलला.

"नाना, आकडा सांगा."

"थांब. डिअर... कस्टमर..."

"नुसता आकडा, नाना."

"अरे, वरून वाचल्याशिवाय आकडा कुठला ते कसं कळणार? ओटीपी फॉर युअर... ट्रान्झॅक्शन... ऑफ रुपीज..." रकमेवर ते थांबले. "एवढी फी?"

"नाना, एक मिनिट राहिलंय."

ते पुढे वाचत गेले. आकड्याशी आले, तो मनातल्या मनात वाचला, आणि पुढचं वाक्य मोठ्याने. "डू नॉट शेअर विथ एनीवन." चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणालाही सांगू नका असं लिहिलंय."

"ते मला नाही. म्हणजे मलाच, पण इतरांना सांगू नका असं मला."

"लिहिताना 'एनीवन' लिहिलंय. त्यात तू आलास."

नाना सहकारी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले आहेत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एकदाही रोकड चुकली नाही, आणि सही जुळली नाही म्हणून त्यांनी एकदा स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याचा चेक परत पाठवला होता. शिवाय सायबर भामट्यांपासून सावध करणारी जी कॉलर ट्यून मध्यंतरी वाजायची, ती त्यांनी इतकी मन लावून ऐकली होती की कुणी फोन उचलला तरी ट्यून अर्धवट राहिल्याचं त्यांना वाईट वाटायचं. घड्याळ शून्यावर आलं. दुसरा ओटीपी मागवला. मी खात्याची मालकी, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि माझी जन्मतारीख सांगून ओळख पटवली. जन्मतारीख तुम्हालाही ठाऊक आहे, असं मी चिडून म्हटलं, तर ते म्हणाले, "म्हणूनच ताडून पाहिली." आकडा मिळाला, तोही एकेक करून, मध्ये 'शून्य म्हणजे झीरो' असा खुलासा करून. फी भरली गेली.

पाऊस काही उघडेना आणि फोन दुरुस्तीला न्यायला मुहूर्त लागेना. तोवर सिम नानांच्या फोनातच राहिलं. म्हणजे दिवसभर माझे सगळे फोन नाना घेत. पहिल्या दिवशी त्यांनी कुरकुर केली. मग सकाळी आंघोळ उरकून, पाण्याचा तांब्या आणि एक कोरी वही घेऊन ते फोनजवळ बसायला लागले. पार्सलवाला पोऱ्या दारात उभा राहून कोड मागायचा. नाना म्हणायचे, "आधी उघडून दाखव आत काय आहे." तो म्हणायचा, काका, उघडता येत नाही. "मग मलाही सांगता येत नाही." बायकोने मागवलेल्या कुकरच्या रिंगा यात दोनदा परत गेल्या. एका जाहिरातवाल्या मुलीशी नाना वीस मिनिटं बोलले आणि तिने प्लॉट विकायचा सोडून स्वतःच्या पोस्टातल्या खात्याचा सल्ला घेतला.

शेवटी उघडीप बघून फोन घेऊन गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे गेलो. वर्षभरापूर्वी, सिम हलतंय म्हणून, मी त्याच्याचकडे आलो होतो. त्याने ट्रे काढला, डोळ्याला भिंग लावलं, दिव्याची मान वाकवून भोकात पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"काका, आत कागद आहे."

"कागद?"

"सिम लूज असेल तर काही लोक मागून कागदाचं पॅकिंग देतात. घट्ट बसतं. पण पावसाळ्यात कागद फुगतो, सुटतो आणि पिनांवर जाऊन बसतो. मग फोनला काहीच दिसत नाही." त्याने बारीक टोकाचा चिमटा आत घातला. "ही काही कामाची पद्धत आहे? कुठल्या येड्याने केलंय हे?"

चिमट्याला लागून एक भुरकट, ओलसर कपटा बाहेर आला. कुठल्याशा जाड कार्डाचा पापुद्रा सोलून घेतलेला. त्याने तो काचेवर ठेवला. दिव्याखाली आम्ही दोघंही वाकलो. निळ्या शाईत 'बाइल रिपेअ' एवढी अक्षरं होती आणि खाली फोन नंबरचे शेवटचे पाच आकडे. त्याच्या काउंटरवर व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा होता. मी वरचं एक उचललं आणि कपट्याशेजारी ठेवलं. शाई तीच. आकडे तेच.

तो काही वेळ आयपीएच्या, म्हणजे सुटे भाग पुसायच्या स्पिरिटच्या, बाटलीचं झाकण उघडत राहिला. मग ब्रशने पत्रे साफ केले, हवा मारली आणि टेबलाच्या खणातून एक चाचणीचं सिम काढून लगेच माझ्या फोनात घातलं. रेंज आली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"किती झाले?"

"राहू द्या, काका."

घरी येऊन नानांच्या फोनातून सिम काढलं, चौकटीतून सोडवलं आणि माझ्या फोनात बसवलं, या वेळी पिनेने. नानांनी पिन धुऊन परत मागितली, ती दिली. मग त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. कॅशबुकाला आखतात तशा लाल रेघा मारून रकाने पाडले होते : वार, वेळ, नाव, काम, काय उत्तर दिले.

"बघून घे. मागून म्हणशील निरोप दिला नाही."

मी वाचू लागलो. सोमवार, सकाळी ११.१०, बँकेतली बाई, पर्सनल लोन देते म्हणाली, नको म्हणून सांगितले. ११.३५, दुसऱ्या बँकेतला माणूस, लोन, नको म्हणून सांगितले. १२.०५, गॅस एजन्सी, चुकून लागला. मंगळवार, सकाळी १०.२०, एक गृहस्थ, नाव कुलकर्णी, तुझ्या ऑफिसातून बोलतो म्हणाले, प्रमोशनचे काही तरी आहे, आजच उत्तर हवे म्हणाले. नको म्हणून सांगितले.